चुकलेला आकडा दुरुस्त कुणी करायचा?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते, की ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो अशा, ऑडिओ-व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमधल्या बारीकसारीक चुका मी सवडीने दुरुस्त करून पाठवते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की हा महिना त्यांनाच दिला आहे. माझं रोजचं काम सबटायटल्सचं आणि आवाज साफ करण्याचं. प्रोग्रॅमिंगचं शिक्षण मी घेतलेलं नाही. त्यामुळे ही उत्तरं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या नव्हे, वापरणाऱ्याच्या बाजूने दिलेली आहेत.

प्रश्न: ताई, मी वयस्कर माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करते. मागे पंख्याची घरघर येते, ती काढण्यासाठी एक मोफत प्रोग्रॅम घेतला. त्याच्या मॅन्युअलमध्ये नॉइज गेटबद्दल, म्हणजे ठरावीक पातळीखालचा (थ्रेशोल्डखालचा) आवाज दाबणाऱ्या सोयीबद्दल लिहिलं होतं, ‘थ्रेशोल्ड डेसिबलमध्ये द्या, उदाहरणार्थ उणे १८.’ तसं दिलं तर काही फरकच पडेना. उणे ३० करून पाहिलं, उणे ४० करून पाहिलं. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी ओळखीतल्या एका मुलाने सांगितलं, की तिथे डेसिबल नाही, शून्य ते एकमधला अपूर्णांक द्यायचा असतो. तोवर मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय. हे कुणाला कळवावं का? एवढ्याशा गोष्टीसाठी त्या लोकांना त्रास देणं बरं दिसेल का?

उत्तर: कळवा. आणि लवकर कळवा, कारण महिन्याभराने तुम्ही नेमकं कुठे अडला होतात हे तुम्हालाच आठवणार नाही. (प्रोग्रॅमचं नाव तुम्ही लिहिलं होतंत, ते मी इथे मुद्दाम गाळलं आहे.)

‘माझंच काहीतरी चुकतंय’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मॅन्युअलमधली चूक टिकते ती याच वाक्यामुळे. जाणकार माणूस ते पान उघडतच नाही, त्याला थ्रेशोल्ड अपूर्णांकात असतो हे तोंडपाठ असतं. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याचं तर विचारूच नका. मॅन्युअल ओळीने ओळ वाचतो तो नवखा, आणि छापलेल्या ओळीवर शंका घेण्याचा धीर नवख्याला नसतो. जो ती ओळ वाचतो त्याला ती चूक वाटत नाही, आणि ज्याला चूक ओळखता येईल तो तिथे फिरकत नाही. तुमच्याजवळ सध्या दोन्ही गोष्टी आहेत: ओळ वाचून अडल्याची ताजी आठवण, आणि ती चूक आहे हे ज्ञान. अशी माणसं फार थोडी असतात आणि तीही थोडाच काळ. आणखी सहा महिन्यांनी तुम्हीही जाणकार व्हाल आणि ते पान उघडणं सोडून द्याल.

चूक कशी झाली असेल याचा अंदाजही बांधता येतो. पातळी निम्मी झाली की साधारण ६ डेसिबल उतरतात. पूर्ण पातळी १ धरून ती तीनदा निम्मी केली की एक अष्टमांश, म्हणजे ०.१२५, आणि उतार झाला १८ डेसिबलचा. लिहिणाऱ्याच्या मनात ०.१२५ असणार, कागदावर उतरलं उणे १८. दोन्ही एकच पातळी सांगतात, फक्त प्रोग्रॅमला त्यातली एकच भाषा कळते. उणे आकडा आल्यावर त्याने तक्रार करायला हवी होती. बहुधा त्याने मुकाट्याने शून्य धरलं. थ्रेशोल्ड शून्य असेल तर गेट कधी मिटतच नाही. म्हणून उणे १८ काय आणि उणे ४० काय, तुम्हाला फरक दिसला नाही. आकड्यापेक्षा एककाची चूक जास्त छळते ती अशी.

कळवण्याआधी मात्र एक काम करा. ‘ओळखीच्या मुलाने सांगितलं’ एवढा पुरावा पुरत नाही. प्रोग्रॅमलाच विचारा. बरेच कमांड लाइन प्रोग्रॅम, म्हणजे टाइप केलेल्या हुकमांवर चालणारे प्रोग्रॅम, स्वतःबद्दल सांगतात. ऑडिओ-व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या एफएफएमपेगचंच घ्या: मदतीचा ‘एच’ पर्याय आणि पुढे फिल्टरचं (एकेक प्रक्रिया करणाऱ्या भागाचं) नाव दिलं, की त्या फिल्टरचा प्रत्येक पर्याय कुठल्या प्रकारचा, कुठून कुठपर्यंत चालतो आणि आपण काहीच दिलं नाही तर काय धरला जातो, हे तो छापतो. ही माहिती मॅन्युअलमधून येत नाही. प्रोग्रॅम ज्या तक्त्यावर चालतो त्याच तक्त्यातून येते. मॅन्युअल आणि हा तक्ता यांत फरक दिसला, की चूक कुठे आहे ते बहुतेक कळलंच.

त्यापुढे एक छोटा प्रयोग करा, तोही स्वतःच्या रेकॉर्डिंगवर नको. एफएफएमपेगमध्ये ‘साइन’ नावाचा स्रोत आहे, तो शुद्ध सूर तयार करून देतो, आणि त्या सुराची उंची नेमकी एक अष्टमांश असते. त्यावर पातळी मोजणारा ‘व्हॉल्यूमडिटेक्ट’ लावलात तर कमाल पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास दिसेल. हा पाच सेकंदांचा सूर फाइलमध्ये उतरवा आणि तुमच्या गेटमधून दोनदा सोडा, एकदा थ्रेशोल्ड ०.५ ठेवून, एकदा ०.०१ ठेवून. पहिल्या वेळी सूर दबला आणि दुसऱ्या वेळी तसाच राहिला, तर तो अपूर्णांकच. हा प्रयोग दुसरा कुणीही आपल्या यंत्रावर दोन मिनिटांत करू शकतो. तुमच्या घरच्या पंख्याचं रेकॉर्डिंग मात्र त्याच्याकडे नसतं.

पडताळणीवर मी इतकी अडून बसते त्याला कारण आहे. एफएफएमपेगच्या, आवाजाची पातळी ठरावीक लक्ष्यावर आणणाऱ्या ‘लाउडनॉर्म’ फिल्टरचं मॅन्युअल सांगतं, की आवाजाची लक्ष्यपातळी काही दिली नाही तर उणे २४ धरली जाते. आता युरोपातल्या प्रसारणाचा ‘आर १२८’ हा दंडक ज्याला पाठ आहे तो म्हणेल, छे, ती तर उणे २३ असते, इथे चुकून २४ पडलंय. त्याचं ज्ञान खोटं नाही, आर १२८ मध्ये उणे २३ च आहे. पण अमेरिकेतल्या ‘ए/८५’ या शिफारशीत उणे २४ आहे, आणि मुख्य म्हणजे प्रोग्रॅमच्या तक्त्यातही उणे २४ च आहे. त्या माणसाने ‘दुरुस्ती’ केली तर बरोबर असलेलं मॅन्युअल तो चुकीचं करून ठेवेल. मॅन्युअल जगातल्या सत्याबद्दल नसतं, त्या प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दल असतं. प्रोग्रॅमचं वागणंच चुकीचं वाटत असेल तर ती वेगळी तक्रार, वेगळ्या ठिकाणी करायची.

प्रश्न: आमच्यात वाद आहे. माझं म्हणणं, दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवरून एवढा काथ्याकूट कशाला? वाचणाऱ्याला अंदाज येतो की.

उत्तर: माणसाला येतो, प्रोग्रॅमला येत नाही. मॅन्युअलमधलं उदाहरण लोक वाचत नाहीत, उचलून चिकटवतात.

दर सेकंदाला २९.९७ फ्रेम म्हणतात ती गती खरी ३०००० भागिले १००१ असते. मॅन्युअलच्या उदाहरणात तिथे नुसतं ३० लिहिलं आणि कुणी ते उचललं, तर एका तासाच्या चित्रीकरणात १०८ फ्रेमचा फरक पडतो, म्हणजे सुमारे ३.६ सेकंद. पहिल्या मिनिटाला कुणाला काही कळत नाही. तासाच्या शेवटी ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे.

अक्षरांचंही तेच. एफएफएमपेगमध्ये बिटरेटचा (सेकंदाला किती बिट माहिती, याचा) आकडा ‘के’ लावून दिला तर हजाराने गुणला जातो, त्या ‘के’ला ‘आय’ जोडला तर १०२४ ने, आणि शेवटी मोठा ‘बी’ आला तर वर आणखी आठपट. एका अक्षराने आठपट. हे सगळं नियमाने चालतं आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलंही आहे. पण एखाद्या उदाहरणात तो ‘बी’ अनवधानाने चिकटला, तर वाचणारा आठपट मोठी फाइल तयार करून बसेल आणि आपला संगणक जुना झाला म्हणेल.

आणखी एक नमुना मला वरचेवर भेटतो. एका एन्कोडरचं (व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या प्रोग्रॅमचं) प्रकरण लिहिताना शेजारच्या प्रकरणाची नक्कल करतात आणि एखादा आकडा बदलायचा राहतो. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये ‘सीआरएफ’, म्हणजे दर्जा ठरवणारा आकडा, दिला नाही तर २३ धरला जातो, एक्स२६५ मध्ये २८. दोन्ही पानं एकमेकांसारखी दिसतात, त्यामुळे २३ तसाच राहिला तर नजरेला खटकत नाही. जुळी प्रकरणं दिसली की मी ती शेजारी शेजारी उघडून वाचते.

प्रश्न: चूक सापडली, तपासली. पण वेबसाइटच्या पानावर ‘बदला’ असं बटणच नाही. दुरुस्ती करायची कुठे?

उत्तर: तुम्ही पाहता ते पान हे मूळ नव्हे, मुळातून काढलेली प्रत आहे. प्रतीवर खाडाखोड करून उपयोग नाही. पुढच्या वेळी प्रत निघेल तेव्हा चूक परत येईल.

मूळ कुठे असतं हे प्रकल्पागणिक बदलतं. एफएफएमपेगमध्ये ते ‘टेक्सइन्फो’ या पद्धतीने लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलींत असतं, आणि त्या फाइली सोर्स कोडच्या ‘डॉक’ फोल्डरमध्ये असतात. सगळ्या फिल्टरांचं मॅन्युअल ‘फिल्टर्स’ नावाच्या एकाच भल्यामोठ्या फाइलीत आहे. वेबपान आणि प्रोग्रॅमबरोबर येणारं, कमांड लाइनवर वाचायचं मॅन्युअल, म्हणजे मॅन पेज, दोन्ही तिथूनच निघतात. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमचं मॅन्युअल ‘रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट’मध्ये लिहिलेलं आहे आणि ‘स्फिंक्स’ने त्याची पानं बनतात. गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅमचं ‘डॉकबुक’ पद्धतीच्या एक्सएमएलमध्ये आहे. नावं ऐकून दचकू नका. चुकलेल्या वाक्यातले तीन-चार सहसा न आढळणारे शब्द उचला आणि सोर्स कोडच्या फोल्डरमध्ये शोधा. मूळ फाइल सापडायला तेवढं पुरतं. वाक्य कुठेच सापडलं नाही, तर ते बहुधा प्रोग्रॅमच्या कोडमध्ये, पर्यायांच्या तक्त्याशेजारी, तुकड्या-तुकड्याने लिहिलेलं असतं.

मूळ फाइल सापडली की आधी तिची ताजी आवृत्ती बघा. तुमच्याआधी कुणीतरी चूक दुरुस्त केलेली असण्याची शक्यता बरीच असते. आणि याच्या उलटही घडतं, त्याबद्दल सावध राहा. एफएफएमपेगच्या वेबसाइटवरचं मॅन्युअल सगळ्यात ताज्या कोडवरून तयार होतं, तुमच्या यंत्रावरचा प्रोग्रॅम मात्र दोन-तीन वर्षं जुना असू शकतो. मग मॅन्युअलमधला पर्याय तुमच्याकडे चालत नाही आणि ती मॅन्युअलची चूक वाटते. तशी ती नसते. प्रोग्रॅमबरोबर आलेलं मॅन पेज वाचा, ते तुमच्याच आवृत्तीचं असतं. मी दुरुस्ती पाठवताना आवृत्तीचा क्रमांक पहिल्या ओळीत लिहिते.

टेक्सइन्फोची एक खोड सांगून ठेवते, कारण तिच्यामुळे होणारी चूक डोळ्यांना दिसत नाही. साध्या वाक्यात दोन आडव्या रेघा लागोपाठ टाइप केल्या तर टेक्सइन्फो त्यांची एक लांब रेघ करतं. छापील गद्यात ते शोभतं. पण पुष्कळ प्रोग्रॅमांचे पर्याय दोन रेघांनीच सुरू होतात. पर्याय कोडच्या खुणेत न गुंडाळता तसाच लिहिला, तर पानावर एकच लांब रेघ उमटते, वाचणारा ती उचलून चिकटवतो, आणि प्रोग्रॅम म्हणतो असा पर्यायच नाही. मॅन पेजमध्ये याचीच बहीण भेटते: शब्द जोडणारी रेघ आणि उणे चिन्ह ही तिथे दोन वेगळी अक्षरं आहेत. उणे हवं तिथे मूळ फाइलीत रेघेआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. ती राहिली तर दिसायला सगळं ठीक असतं आणि चालत काहीच नाही. उदाहरणांतली अवतरणचिन्हंही अशीच तपासा, वळणदार चिन्हं कमांडमध्ये चालत नाहीत. अशा ठिकाणी मी डोळ्यांवर विसंबत नाही. पानावरून कमांड उचलते, टर्मिनलमध्ये (कमांड लिहिण्याच्या खिडकीत) चिकटवते आणि चालवून बघते.

प्रश्न: माझं इंग्रजी कच्चं आहे. व्याकरण चुकेल या भीतीने मी आजवर तीन दुरुस्त्या लिहून ठेवल्या आणि एकही पाठवली नाही.

उत्तर: त्या तिन्ही पाठवा. दुरुस्तीसोबत लिहायचं असतं ते एवढंच: कुठे, काय, कशावरून. पहिल्या ओळीत फाइलीचं नाव आणि दोन-चार शब्दांत बदल. एफएफएमपेगमध्ये ‘डॉक/फिल्टर्स’ असं लिहून, अपूर्णविराम देऊन, पुढे काय बदललं ते लिहिण्याची रीत आहे. मग एक ओळ मोकळी. मग, अमुक आवृत्तीत मदतीचा पर्याय दिल्यावर प्रोग्रॅम अमुक आकडा दाखवतो, मॅन्युअलमध्ये तमुक आहे. बस्स. याला लागणारं इंग्रजी तुमच्या पत्रातल्या मराठीपेक्षा खूप सोपं आहे. प्रकल्पातल्या जुन्या दुरुस्त्यांच्या नोंदी वाचा. जगभरच्या माणसांनी त्याच दहा-बारा क्रियापदांत काम भागवलेलं दिसेल.

खरी काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. एक शब्द बदललात तर तोच बदला. परिच्छेदाच्या ओळी नीट दिसाव्यात म्हणून पुन्हा लावायला जाऊ नका. तसं केलंत तर तपासणाऱ्याला दहा ओळी बदललेल्या दिसतात आणि तुमचा एक शब्द त्यांत त्याला शोधावा लागतो. पुढे कुणी गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘गिट ब्लेम’ने कुठली ओळ कधी आणि का आली हे बघायला गेला, तर त्या दहाही ओळींवर तुमचं नाव आणि ‘स्पेलिंग दुरुस्त’ एवढीच नोंद येते, खरा इतिहास तिच्यामागे दडतो. दोन वेगळ्या चुका असतील तर दोन वेगळ्या दुरुस्त्या करा. एक वादग्रस्त ठरली तरी दुसरी अडकून पडत नाही.

काही प्रकल्प शेवटी ‘साइन्ड ऑफ बाय’ असं लिहून स्वतःचं नाव मागतात. हा मजकूर देण्याचा मला हक्क आहे, असा त्याचा अर्थ. लिनक्स कर्नलने ही पद्धत २००४ मध्ये सुरू केली आणि ती पुष्कळांनी उचलली. गिटमध्ये एका पर्यायाने ती ओळ आपोआप येते.

प्रश्न: मी कॉलेजात आहे. ‘कोडस्पेल’ नावाचा प्रोग्रॅम चालवून एका व्हिडिओ प्लेअरच्या कोडमध्ये मला दोनशे स्पेलिंगच्या चुका सापडल्या. सगळ्या एकदम पाठवू का? बायोडेटात लिहिता येईल.

उत्तर: नको. तुझा उत्साह मला समजतो, म्हणून सविस्तर सांगते.

त्या दोनशेंपैकी कितीतरी चुका नसतील. कोडस्पेलजवळ नेहमी चुकणाऱ्या शब्दांची यादी असते आणि तो जुळवून बघतो. चल राशीचं नाव, कुठल्या तरी फॉरमॅटचं चार अक्षरी नाव, दुसऱ्या भाषेतला शब्द, सगळं त्या चाळणीत अडकतं. काही खऱ्या चुका दुसऱ्या प्रकल्पातून जशाच्या तशा आणलेल्या फाइलींत असतील. त्या इथे बदलल्या तर पुढच्या वेळी ताजी फाइल आणताना गोंधळ होतो, त्यांच्या मूळ घरीच दुरुस्त व्हायला हव्यात. काही चाचण्यांच्या अपेक्षित उत्तरांत असतील. प्रोग्रॅम जे छापतो ते अक्षरन् अक्षर त्या फाइलीशी जुळावं लागतं. एकीकडचं स्पेलिंग बदललं आणि दुसरीकडचं राहिलं की चाचणी नापास.

आणि काही चुका खऱ्या असूनही दुरुस्त करायच्या नसतात. वेबच्या एचटीटीपी नियमावलीत ‘रेफरर’ (आपण कुठल्या पानावरून आलो ते सांगणारं नाव) या शब्दातला एक ‘आर’ गळला आणि १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नियमावलींच्या क्रमांकित मालिकेतल्या एका दस्तऐवजात, तो तसाच छापला गेला. तोवर ते नाव असंख्य प्रोग्रॅमांत शिरलं होतं. आजही ब्राउझर तेच चुकलेलं स्पेलिंग पाठवतात. पुढे आलेल्या ‘रेफरर पॉलिसी’ या शीर्षकात मात्र स्पेलिंग बरोबर आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. एखाद्या पर्यायाचं नाव चुकीच्या स्पेलिंगने बाहेर पडलं असेल तर मॅन्युअलमध्ये ते चुकीचंच राहायला हवं, कारण प्रोग्रॅम तेच ओळखतो. तिथे ‘शुद्ध’ स्पेलिंग लिहिलंस तर वाचणाऱ्याची कमांड बंद पडेल. गद्यातला शब्द वेगळा आणि नाव वेगळं, हे तुझ्या त्या चाळणीला कळत नाही. तुला कळायला हवं.

बायोडेटाचं म्हणशील तर २०२० चा ‘हॅक्टोबरफेस्ट’ हा ओपन सोर्सला मदत करण्याचा उपक्रम लक्षात ठेव. ऑक्टोबरमध्ये चार दुरुस्त्या पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. त्या वर्षी प्रकल्पांवर बिनकामाच्या दुरुस्त्यांचा पाऊस पडला. माहितीपानाच्या मथळ्यात एखादं विशेषण घुसडायचं, झाली दुरुस्ती. सांभाळणारी माणसं हैराण झाली, आणि महिना सुरू होऊन काही दिवस होतात तोच आयोजकांना नियम बदलावा लागला: जो प्रकल्प स्वतःहून भाग घेईल तोच मोजायचा. त्या पावसात ज्यांच्या दुरुस्त्या खऱ्या होत्या त्यांच्याकडेही संशयाने पाहिलं गेलं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. कुणाची तरी संध्याकाळ वाचवणारी दुरुस्ती आणि मोजणीसाठी केलेली दुरुस्ती बाहेरून सारखीच दिसते, एका ओळीची. फरक दाखवणारी गोष्ट एकच, तिच्यासोबत दिलेलं ‘कशावरून’.

दोनशेंतून दहा निवड. माणसं वाचतात त्या मॅन्युअलमधल्या, अर्थ बिघडवणाऱ्या. ‘नॉट’ गळलेलं वाक्य, चुकलेलं पर्यायाचं नाव, उदाहरणातला तुटलेला कंस. प्रत्येक उदाहरण स्वतः चालवून बघ. त्या दहांबद्दल तुला कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर देता येईल.

प्रश्न: मी पाठवलेली दुरुस्ती दोन ओळींच्या उत्तराने परत आली. ‘हे बरोबरच आहे’ एवढंच. अपमान वाटला.

उत्तर: माझी अशीच एक परत आली होती. एका मॅन्युअलमध्ये सबटायटलच्या वेळेचं उदाहरण होतं, एक सेकंद, स्वल्पविराम, पाचशे. मी त्या काळात रोज वेबव्हीटीटी या प्रकारच्या सबटायटल फाइलींवर काम करत होते आणि तिथे सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये पूर्णविरामासारखा ठिपका असतो. मला वाटलं, स्वल्पविराम चुकून पडलाय. बदलून पाठवला. उत्तर आलं, ‘हा एसआरटीचा भाग आहे, एसआरटीत स्वल्पविरामच असतो.’ (एसआरटी हा सबटायटल फाइलींचा दुसरा प्रकार.) त्यात ना नमस्कार होता, ना आभार. दिवसभर मन खट्टू होतं.

पण तो माणूस बरोबर होता. मी परिच्छेद वाचला होता, प्रकरणाचा मथळा वाचला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी दुसरी दुरुस्ती पाठवली: उदाहरणाखाली एक वाक्य, की एसआरटीत इथे स्वल्पविराम आणि वेबव्हीटीटीत ठिपका. ती त्याच माणसाने त्याच संध्याकाळी घेतली, तेवढ्याच कमी शब्दांत. तेव्हापासून त्रोटक उत्तर मी राग म्हणून वाचत नाही. हे काम करणारी बरीचशी माणसं आपला मोकळा वेळ देत असतात, आणि समोर आणखी वीस पत्रं पडलेली असतात.

मुद्दा असा, की तुमची दुरुस्ती चुकीची असली तरी तुमचा अडखळा खरा होता. बरोबर असलेल्या वाक्याने तुमची दिशाभूल का केली, हे शोधा. एफएफएमपेगचा ‘एसएस’ पर्याय घ्या, ज्याने ठरावीक क्षणापासून सुरुवात करता येते. इनपुट फाइलीच्या नावाआधी दिला तर प्रोग्रॅम थेट त्या जागी उडी घेतो. नावानंतर दिला तर सुरुवातीपासून सगळं उलगडत जातो आणि त्या क्षणापर्यंतचं टाकून देतो. पर्याय तोच, जागा वेगळी, आणि लांब फाइलीत वेळेचा फरक प्रचंड. जुन्या मार्गदर्शिकांत पहिली रीत अचूक नाही असं लिहिलेलं आढळतं. २०१३ मध्ये आलेल्या २.१ आवृत्तीपासून, नव्याने एन्कोड करताना, तीही अचूक झाली. म्हणजे ते वाक्य लिहिलं तेव्हा खरं होतं. अशा ठिकाणी शब्द बदलून भागत नाही, ‘अमुक आवृत्तीपासून’ असं जोडावं लागतं.

उत्तरच आलं नाही तर दोन-तीन आठवडे थांबा आणि एकदा सौम्यपणे आठवण करा. तीच दुरुस्ती दुसऱ्या वाटेने पुन्हा पाठवू नका.

प्रश्न: ऑडिओ कोडेकच्या (आवाज दाबून साठवण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीच्या) मूळ नियमावलीतच, म्हणजे आरएफसीमध्ये, चूक दिसली तर?

उत्तर: तिथली रीत निराळी आहे. प्रकाशित झालेल्या आरएफसीचा आशय पुन्हा बदलत नाहीत. चुकांची वेगळी नोंद ठेवतात. कुणीही चूक कळवू शकतो, मग ती तांत्रिक की संपादकीय ते ठरतं, आणि ‘पडताळलेली’, ‘नाकारलेली’ किंवा ‘पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवलेली’ असा शेरा मिळतो. ओपस कोडेकचा आरएफसी ६७१६ हा २०१२ चा. त्यातल्या संदर्भ-कोडमधले दोष दुरुस्त करण्यासाठी २०१७ मध्ये आरएफसी ८२५१ स्वतंत्रपणे काढला गेला, जुना मजकूर जागच्या जागी तसाच आहे. म्हणून आरएफसी वाचताना वरच्या बाजूला ‘कशाने अद्ययावत झाला’ आणि ‘चुकांची नोंद’ हे दोन दुवे आधी बघत जा.

प्रश्न: दुरुस्ती घेतली गेली असं कळवलं आहे, पण माझ्या यंत्रावरच्या मॅन पेजमध्ये जुनीच चूक दिसते. खरंच घेतली का?

उत्तर: प्रकल्पाच्या गिटमधल्या नोंदींत आपलं नाव शोधा. तिथे प्रत्येक बदलाला दोन नावं असतात, लिहिणाऱ्याचं आणि आत घेणाऱ्याचं. दुसऱ्या कुणी आत घेतला तरी लिहिणारा म्हणून नाव तुमचंच राहतं. वेबसाइट ताज्या कोडवरून बनत असेल तर तिथे बदल लवकर दिसेल. तुमच्या यंत्रावरचं मॅन पेज प्रोग्रॅमच्या आवृत्तीबरोबर येतं, आणि डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्थिर आवृत्तीसारख्या ठिकाणी प्रोग्रॅमची तीच आवृत्ती दोन-दोन वर्षं राहते. तोवर तुमच्या यंत्रावर आणि तुमच्यासारख्या इतरांच्या यंत्रांवर जुनं वाक्यच दिसणार. कुणी तिथे अडलेलं भेटलं तर त्याला वेबसाइटवरचं पान दाखवा.